कापड गिरणीत मेंटेनन्स टेक्निशियनचं काम नेमकं काय असतं, आणि ते कसं शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फिटरचं शिक्षण पूर्ण झालंय, एका कापड कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात जागा मिळतेय. तिथे दिवसभर काय काम असतं, आधी काय शिकावं, आणि या कामात पुढे वाढ आहे का?

माझी नोकरी याच कामात गेली, आधी सूतखात्यात आणि नंतर मागांवर. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पाने चालवणं, बेअरिंग काढणं-बसवणं, बेल्ट ताणणं हे सगळं तुम्हाला येतच असेल, आणि नसेल तर काही महिन्यांत येईल. कापड उद्योगात अवघड आहे ते वेगळंच. इथे बिघाड एका यंत्रात होतो आणि दिसतो दुसऱ्याच यंत्रावर, कधी दुसऱ्या खात्यात. कापूस ब्लोरूममध्ये उघडला जातो, कार्डिंगला त्याचा पेळू होतो, ड्रॉफ्रेमवर पेळू एकत्र करून ओढले जातात, सिम्प्लेक्सवर वात तयार होते, रिंगफ्रेमवर सूत कातलं जातं, मग ते कोनवर गुंडाळलं जातं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर एखादा रोलर किंचित वाकडा फिरला, तर तो दोष पुढच्या प्रत्येक यंत्रातून जाताना लांबत जातो. शेवटी कापडावर पट्टा दिसतो आणि सगळे मागाकडे बोट दाखवतात. म्हणून या कामातली पहिली विद्या म्हणजे सूत आणि कापड वाचायला शिकणं. यंत्र उघडायची वेळ त्यानंतर येते.

एक हिशेब सांगतो, तो पाठच करा. रिंगफ्रेमचा पुढचा खालचा रोलर बऱ्याच यंत्रांवर २७ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा घेर झाला साधारण ८५ मिलिमीटर. हा रोलर वाकला असेल तर सुतात दर साडेआठ सेंटिमीटरला जाड-बारीक येणार. त्याच यंत्राचा मागचा रोलरही तेवढ्याच व्यासाचा धरा आणि ड्राफ्ट, म्हणजे माल किती पट ओढला जातो ते, ३० समजा. आता तोच दोष ३० पट लांबतो, म्हणजे दर अडीच मीटरला दिसतो. आणखी मागे जा. ड्रॉफ्रेमचा पुढचा रोलर ४० मिलिमीटरचा असेल तर घेर साडेबारा सेंटिमीटर. सिम्प्लेक्सचा ड्राफ्ट ८ धरला की एक मीटर, आणि रिंगफ्रेमनंतर तीस मीटर. सुताची जाडी किती-किती लांबीने पुन्हा पुन्हा बदलते हे दाखवणारा आलेख प्रयोगशाळेतून येतो. त्यावर एखादी लांबी उंच उठलेली दिसली, की हा हिशेब उलटा करायचा. दोन मिनिटांत कळतं की कुठल्या यंत्राच्या कुठल्या रोलरपाशी जायचं. हा आलेख न बघता रिंगफ्रेम उघडून बसलेले फिटर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची मेहनत खरी असते, पण दोष जिथल्या तिथेच राहतो.

त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या गिअरिंगचा आराखडा आणि रोलरचे व्यास स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. पुस्तिकेतले आकडे चालतील, पण यंत्रावर प्रत्यक्ष मोजून ताडून बघा. जुन्या यंत्रांवर मधल्या काळात कोणीतरी पुली किंवा गिअर बदललेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते.

रिंगफ्रेमबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सूतखात्यात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि शिकायलाही सगळ्यात जास्त इथेच मिळतं. एका यंत्रावर शेकडो स्पिंडल, म्हणजे सूत गुंडाळणारे फिरते दांडे, असतात, मोठ्या यंत्रांवर हजाराच्या वर. तक्रार आली की आधी विचारायचं: किती स्पिंडलवर आहे? एकाच स्पिंडलवर सतत तार, म्हणजे सूत, तुटत असेल तर स्पिंडल, त्याची रिंग, ट्रॅव्हलर (रिंगवर धावणारी छोटी कडी), लॅपेटचा हुक (ज्यातून सूत खाली येतं), तिथला कॉट (वरच्या रोलरवरचं रबरी आवरण) आणि एप्रन (तंतू धरून नेणारा छोटा पट्टा) बघा. शेजारशेजारच्या दोन स्पिंडलवर असेल तर टॉप रोलर बघा, कारण दोन कॉट एकाच आर्बरवर, म्हणजे आसावर, असतात. ओळीने चार स्पिंडलचं सूत मऊ येत असेल आणि यंत्र टेपवर चालणारं असेल, तर टेप सैल झाली आहे किंवा जॉकी पुली (टेप ताणून धरणारी) अडकते आहे. स्पिंडल हळू फिरतं, पीळ कमी बसतो. सहा किंवा आठ स्पिंडलच्या पट्ट्यात दोष असेल तर खालच्या रोलरचा तो तुकडा तपासा, कारण तो रोलर तितक्या लांबीच्या तुकड्यांचा जोडलेला असतो. एका संपूर्ण बाजूला असेल तर त्या बाजूचा गिअर. आणि सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी तार तुटायला लागली तर पाना खाली ठेवा. हवेतला दमटपणा बिघडलाय का, किंवा कापसाचं मिक्सिंग बदललंय का, ते आधी विचारून या.

ही विभागणी डोक्यात बसली की अर्धं काम झालं.

ट्रॅव्हलर हा या यंत्राचा सगळ्यात छोटा भाग, वजन मिलिग्रॅममध्ये मोजायचं. पण ३८ मिलिमीटरच्या रिंगवर आणि मिनिटाला १८,००० फेऱ्यांच्या वेगावर तो सेकंदाला जवळजवळ ३६ मीटर धावतो, म्हणजे ताशी सुमारे १२९ किलोमीटर. तेही तेल न घालता. कापसाच्या तंतूंचा जो बारीक थर रिंगवर बसतो त्याचंच काय ते वंगण. त्यामुळे ट्रॅव्हलर झिजतो, जळतो, उडतो. तो ठरलेल्या दिवसांनी बदलायचाच, अजून चालतोय म्हणून पुढे ढकलायचा नाही. झिजलेला ट्रॅव्हलर आधी सुताचा केसाळपणा वाढवतो आणि मग रिंग खातो. नव्या रिंग बसवल्या की सुरुवातीला वेग कमी ठेवायचा, ट्रॅव्हलर लवकर लवकर बदलायचे, आणि पायरीपायरीने वेग वाढवायचा. उत्पादन खात्याची घाई असते, पहिल्याच दिवशी पूर्ण वेग मागतात. तिथे तुम्ही ठाम राहायला हवं. पहिल्या काही दिवसांत खराब झालेली रिंग पुढे आयुष्यभर त्रास देते.

स्पिंडल, रिंग आणि लॅपेटचा हुक एका सरळ रेषेत असणं, यालाच आमच्याकडे गेजिंग म्हणतात. हे कंटाळवाणं काम आहे. शेकडो स्पिंडलवर तेच ते. पण माझ्या मते रिंगफ्रेमवर याच्याइतकं फळ देणारं दुसरं काम नाही. स्पिंडल रिंगच्या मध्यावर नसेल तर प्रत्येक फेरीत सुतावरचा ताण वरखाली होतो, आणि मग ट्रॅव्हलर बदला, कॉट बदला, काही केल्या तार तुटणं थांबत नाही.

कॉट्सचं खातं बऱ्याच ठिकाणी दुर्लक्षित असतं, कुठेतरी कोपऱ्यात ग्राइंडिंग मशीन आणि एक जुना माणूस. त्या माणसाशी ओळख करून घ्या. बफिंगमध्ये, म्हणजे पृष्ठभाग घासून नवा करताना, कॉटच्या व्यासातून साधारण ०.२ मिलिमीटर जातो. दरवेळी व्यास कमी होतो, म्हणून स्प्रिंगच्या आर्मचा दाब पुन्हा बसवावा लागतो. एकाच यंत्रावर वेगवेगळ्या व्यासाचे कॉट मिसळले की स्पिंडलागणिक सूत वेगळं निघतं. बफिंग करताना दगड बोथट असेल तर कॉटचा पृष्ठभाग तापून खराब होतो आणि मग रोलरवर लॅप, म्हणजे तंतूंचे वेढे, बसायला लागतात. लॅप ब्लेडने कापून काढणाऱ्यांना थांबवा. कॉटला एक चीर पडली की पुन्हा पुन्हा तिथेच लॅप बसतो.

कार्डिंगला अंतरांचं राज्य आहे. सिलिंडर म्हणजे दातेरी वायरचा मोठा ढोल, फ्लॅट म्हणजे त्याच्यावरच्या दातेरी पट्ट्या, आणि डॉफर म्हणजे त्याच्यावरून तंतू उचलणारा ढोल. फ्लॅट आणि सिलिंडर यांच्यात साधारण १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.२५ मिलिमीटर, सिलिंडर आणि डॉफर यांच्यात ४-५ थाऊ. ही अंतरं पात्याच्या गेजने लावायची असतात आणि ती हाताच्या सवयीवर अवलंबून असतात. गेज किती घट्ट सरकायला हवा हे कागदावर लिहून सांगता येत नाही. जो चांगला लावतो त्याच्या शेजारी उभं राहून, त्याने लावलेल्या अंतरात स्वतः गेज सरकवून बघायचा. आणखी एक गोष्ट: थंड यंत्रावर लावलेलं अंतर यंत्र तापल्यावर तेवढंच राहत नाही. अंतर फार कमी ठेवून यंत्र सुरू केलं आणि तापल्यावर तारेला तार घासली, तर सिलिंडरची महागडी वायर एका मिनिटात संपते.

मागखात्यातही विचाराची पद्धत हीच, फक्त वाचायचं कापडावर. उभी रेघ संपूर्ण लांबीत सरळ जात असेल तर ती ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, गोष्ट आहे: फणीचा दात वाकलाय, भरणी (धागे ओवणं) चुकली आहे किंवा एखादा धागा वेगळ्या काऊंटचा, म्हणजे वेगळ्या जाडीचा, आलाय. आडवी पट्टी असेल तर बाणा (आडवा धागा), लेट-ऑफ (ताणा सोडणारी यंत्रणा), टेक-अप (कापड ओढून घेणारी यंत्रणा). आडव्या पट्ट्या ठरावीक अंतराने येत असतील तर ते अंतर मोजा आणि टेक-अप रोलरच्या घेराशी, गिअरच्या एका फेरीत पुढे सरकणाऱ्या कापडाशी ताडून बघा. आणि माग थांबून पुन्हा सुरू झाला तिथेच पट्टी दिसत असेल, तर तो स्टार्टिंग मार्क आहे. माग थांबला असताना कापडाची विणीची कड, म्हणजे शेवटचा बाणा बसलेली जागा, पुढेमागे सरकते, त्यातून तो येतो. यात यंत्राच्या सेटिंगइतकाच माग चालवणाऱ्याच्या हाताचा भाग असतो. माग किती वेळ थांबून राहिला, सुरू करण्याआधी बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) मागे-पुढे केला का, हे विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.

एअरजेटवर, म्हणजे हवेच्या झोताने बाणा नेणाऱ्या मागावर, एक वाईट सवय सगळीकडे दिसते. बाणा पलीकडे पोचत नाही, माग थांबतो, की हवेचा दाब वाढवायचा. माग चालतो, सगळे खूश. खरं कारण असतं घाण बसलेला नोझल, चुकलेलं टायमिंग, झिजलेला व्हॉल्व्ह, नाहीतर हवेबरोबर आलेलं पाणी किंवा तेल. दाब वाढवल्याने ते झाकलं जातं, धागा जास्त फाटतो आणि कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. सात बारच्या आसपास एक बार दाब वाढला की साधारण सहा-सात टक्के वीज जास्त लागते. पुढच्या महिन्यात दाब आणखी वाढतो. मी म्हणेन, दाब वाढवायचाच असेल तर तो किती होता, किती केला आणि का, हे मागावरच्या कार्डावर लिहा आणि कारण सापडलं की परत खाली आणा. हवेची गळती मागांच्या आवाजात ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना फक्त हवा चालू ठेवून खात्यातून एक फेरी मारा, म्हणजे कुठून फुसफुस येते ते कळेल.

इथे सेन्सरबद्दल बोलायलाच हवं. धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे, ही कल्पना या उद्योगाने जगाला दिलेल्या मोठ्या कल्पनांपैकी एक आहे. साकिची टोयोदा यांचा १९२४चा जी टाइप माग पूर्ण वेगात धोटा बदलायचा आणि धागा तुटला की स्वतः थांबायचा. दोष निर्माण होत असेल तर यंत्र थांबलं पाहिजे, हे तत्त्व पुढे मोटार कारखान्यांनी इथूनच उचललं. आज रात्रपाळीत एखादा सेन्सर उगाच माग थांबवतोय म्हणून त्याला बायपास करणारा तंत्रज्ञ नेमकी हीच गोष्ट मोडून टाकतो. सेन्सर खोटं थांबवत असेल तर त्याची काच पुसा, केबल हलवून बघा, अर्थिंग तपासा, जवळून एखादी पॉवर केबल जाते का बघा. बायपास हा दुरुस्तीत मोजू नका.

इलेक्ट्रॉनिक्सचा धसका घेऊ नका, पण ते टाळूही नका. आजचा माग किंवा ऑटोकोनर (सूत कोनवर गुंडाळणारं यंत्र) म्हणजे सर्वो मोटर, इन्व्हर्टर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा), पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि डझनांनी सेन्सर. निव्वळ यांत्रिक फिटरला तिथे अर्धं यंत्र परकं राहतं. सुरुवातीला एवढं पुरे: मल्टिमीटर नीट वापरणं, सर्किट ड्रॉइंग वाचणं, पीएलसीचे इनपुट-आउटपुट दिवे बघून सिग्नल कुठपर्यंत येतोय ते ठरवणं, इन्व्हर्टरचा फॉल्ट कोड वाचणं. गिरणीतले बरेचसे पॅनेल कापसाच्या तुसामुळे मरतात. पंख्याची जाळी तुंबते, आत उष्णता साठते, ड्राइव्ह ट्रिप होतो. प्रोग्राममध्ये शोधत बसण्याआधी जाळी काढून बघा. आणि कॉम्प्रेस्ड हवेने पॅनेल झाडू नका. तूस आणखी आत जाऊन बसतं आणि हवेत पाणी असेल तर आतलं सर्किट कार्डच जातं. व्हॅक्यूम वापरा.

वंगणाबद्दल थोडक्यात. बेअरिंगमध्ये जास्त ग्रीस भरलं की ते घुसळून तापतं, आणि कमी पडण्याइतकंच नुकसान होतं. दोन जातींचं ग्रीस मिसळू नका. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आले तर बऱ्याचदा पातळ होऊन गळून जातात. निपल पुसल्याशिवाय गन लावली की ग्रीसबरोबर तूसही आत जातं. जादा तेल कपड्यावर डाग म्हणून परत येतं, तेव्हा गिरणीत जास्त तेल घातल्याची तक्रार ग्राहकाकडूनही येते.

दमटपणा हा अर्धा मेंटेनन्सचाच विषय आहे, जरी ह्युमिडिफिकेशनचं खातं वेगळं असलं तरी. सूतकताईला साधारण ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते, सुती कापड विणताना ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत, कारण ओलसर कापसाचा धागा अधिक मजबूत असतो. हवा कोरडी झाली की तंतूंवर स्थिर वीज साठते आणि ते पसरतात. जास्त दमट झाली की रोलरवर लॅप बसतात. म्हणून पाळी सुरू करताना आधी हायग्रोमीटर बघायची सवय लावा.

आता सुरक्षितता. इथे कुणाचीही भीड धरू नका. कार्डिंग यंत्राचा सिलिंडर अवजड असतो. वीज बंद केल्यावरही तो मिनिटं-मिनिटं फिरत राहतो आणि त्याच्यावर दातेरी वायर असते. झाकण उघडण्याआधी तो पूर्ण थांबला आहे हे डोळ्यांनी बघा, आवाजावर विसंबू नका, कारण शेजारच्या यंत्रांच्या आवाजात काही कळत नाही. इन्व्हर्टरची वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब उरतो. त्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, आणि मग मीटरने मोजून खात्री करा. काम करताना मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ‘मी सांगितलंय त्याला’ एवढं पुरत नाही. पाळी बदलते आणि ज्याला सांगितलं तो घरी जातो. सैल कपडे, गळ्यातला रुमाल, हातातलं कडं, हातमोजे घालून फिरत्या रोलरजवळ जाणं, यातली प्रत्येक गोष्ट कुणाचा तरी हात घेऊन गेलेली आहे.

आगीचं भान ठेवा. ब्लोरूममध्ये लोखंडाचा तुकडा बीटरवर (कापूस झोडणाऱ्या रोलरवर) आपटून ठिणगी पडते आणि हवेच्या नळीतून ती पुढच्या यंत्रात पोचते. चुंबक आणि मेटल डिटेक्टर चालू आहेत का, हे रोज बघण्याचं काम आहे. आग विझलेली दिसली तरी कापसाच्या ढिगात ती आत तासन्‌तास धुमसत राहते. कानाला प्लग आणि तोंडाला मास्क पहिल्या दिवसापासून वापरा. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही जिथे काळजीची पातळी मानतात, तिथे धोट्याच्या मागांचं खातं त्याच्या कितीतरी वर असतं, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षांनी छातीचा विकार जडतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणं ही त्याची ओळखीची खूण. तसं वाटलं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

माणसांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. यंत्र चालवणाऱ्या साइडरला किंवा मागवाल्याला यंत्राची तब्येत तुमच्या आधी कळते. ‘दादा, हे यंत्र कालपासून वेगळं वाजतंय’ असं एखादी बाई म्हणाली तर जाऊन ऐका, भले काही सापडलं नाही तरी. तिला एकदा झिडकारलं की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि तुम्हाला बेअरिंग जाम झाल्यावरच कळेल. काम झाल्यावर तिला सांगून जा की काय सापडलं. उत्पादन खात्याशी भांडणं होतातच: त्यांना यंत्र थांबवायचं नसतं, तुम्हाला थांबवायचं असतं. तिथे नोंदी कामी येतात. कुठलं यंत्र किती वेळा, कशाने थांबलं, काय बदललं, बदलल्यावर तार तुटण्याचा दर किती झाला, एवढं प्रत्येक यंत्राच्या कार्डावर असेल तर थांबायला वेळ मागताना आवाज चढवावा लागत नाही.

आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. चार भाग एकदम बदलले आणि दोष गेला, तर कशाने गेला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा चार भाग जातात. जुना भाग टाकून देण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. बेअरिंगच्या रेसवर एका बाजूलाच झीज असेल तर शाफ्ट किंवा पुली सरळ नाही, बेल्ट एका काठाला फाटला असेल तर पुली रेषेत नाहीत. नुसतं बेअरिंग बदलून आलात तर थोड्याच दिवसांत परत तिथेच जाल.

वाढीबद्दल विचारलं होतंत. जो फिटर यांत्रिक, विजेचं आणि सूत-कापडाचं असं तिन्ही बघू शकतो, त्याला काम कमी पडत नाही. पुढे दोन वाटा आहेत. एक गिरणीतच: फिटर, मग खात्याचा मेंटेनन्स प्रमुख. दुसरी, यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांकडे यंत्रं बसवणं आणि सर्व्हिस. त्यात प्रवास खूप, पण नवं यंत्र आतून शिकायला मिळतं. मला विचाराल तर पहिली काही वर्षं एकाच खात्यात काढा आणि ते पक्कं करा. सहा-सहा महिन्यांनी खातं बदलणाऱ्याला सगळं थोडंथोडं येतं आणि अवघड दोषापाशी तो अडतो.

जागा स्वीकारण्याआधी मुलाखतीतच एक फेरी मागून घ्या आणि तीन गोष्टी बघा. यंत्रांची कार्डं भरलेली आहेत का, की ब्रेकडाऊनच्या नोंदी नुसत्या रजिस्टरमध्ये एका ओळीत आहेत. गेज, मायक्रोमीटर, डायल गेज चांगल्या स्थितीत आहेत का आणि ते नव्या माणसाच्या हाती देतात का. आणि यंत्र उघडलं असताना मेन स्विचला लावायचं कुलूप फिटरच्या स्वतःच्या हातात असतं का. पहिल्या दोनमध्ये उणीव असेल तर तुम्ही जाऊन हळूहळू सुधारू शकाल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘आमच्याकडे तशी गरज पडत नाही’ असं आलं, तर ती जागा घेऊ नका.